मासा त्याचा नाही, जहाज त्याचं आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मध्ययुगातल्या ज्यू तत्त्वज्ञांवर पानभर मजकूर आला. मराठी पेपरात आमच्या रामबामचं (म्हणजे मोशे बेन मैमोन, पाश्चात्त्यांचा मायमोनिडीस) नाव, तेही पगडीवाल्या चित्रासकट, म्हणून मी लगेच कात्रण काढून ठेवलं. पण त्या पानाच्या मधोमध जी रंगीत चौकट आहे, तिच्यात ठळक अक्षरांत छापलंय की माणसाला मासा दिलात तर त्याचा एक दिवस भागेल, मासे धरायला शिकवलंत तर जन्म भागेल. खाली नाव मोशे बेन मैमोन. संपादक महाशय, तो मासा त्याचा नाही.

स्वतःबद्दल दोन ओळी सांगते, नाहीतर ही कोण टिकोजी असं वाटायचं. मी ठाण्याची. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू. मूळ गाव अलिबागच्या बाजूला, आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे. पणजोबांपर्यंत घरचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. मी स्वतः ३४ वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स होते, शेवटी सिस्टर इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. तत्त्वज्ञानाची पदवी नाही. हिब्रू प्रार्थनेपुरतं येतं. रामबामचं ‘मोरे नेवुखीम’ हे मोठं पुस्तक मी निवृत्तीनंतर वाचलं, भाचीने इस्रायलहून पाठवलेल्या इंग्रजी भाषांतरात, हातात पेन्सिल घेऊन. तीन पावसाळे लागले. त्यामुळे या पुस्तकाबद्दल कोणी उडतउडत लिहिलं की मला जरा लागतं.

आधी माशाचं मिटवते. रामबामने (रब्बी मोशे बेन मैमोन या नावाची ती आद्याक्षरं) ‘मिश्ने तोरा’ हा धर्मशास्त्राचा १४ भागांचा ग्रंथ लिहिला, त्यात दानाच्या आठ पायऱ्या आहेत. सगळ्यांत खालची पायरी, कुरकुरत देणारा. वर चढत जावं तशी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ओळख पुसट होत जाते. सगळ्यांत वरची पायरी अशी: जो कोलमडायला आलाय त्याचा हात धरायचा, त्याला कर्ज द्यायचं, धंद्यात भागीदार करून घ्यायचं किंवा काम मिळवून द्यायचं, म्हणजे त्याच्यावर मागायची पाळीच येत नाही. आशय माशाच्या जवळचा आहे हे कबूल. पण मासा कुठेही नाही, आणि मला विचाराल तर मूळचं जास्त चांगलं आहे. मासेमारी शिकवून शिकवणारा मोकळा होतो. भागीदार मोकळा होत नाही.

आता मुख्य तक्रार. लेखात म्हटलंय की ‘मायमोनिडीसच्या मते देव बुद्धीच्या पलीकडचा आहे, म्हणून माणसाने बुद्धी बाजूला ठेवून शरण जावं’. हे वाचून माझा चहा निवला. या माणसाने आयुष्यभर याच्या बरोबर उलट सांगितलं.

पुस्तकाच्या नावापासून सुरुवात करते. मूळ पुस्तक अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत लिहिलेलं, सुमारे ११९० सालचं. नाव ‘दलालत अल-हाइरीन’, हिब्रूत ‘मोरे नेवुखीम’. आपल्या लेखकांनी त्याचं ‘भटकलेल्यांचा मार्गदर्शक’ केलंय. भटकलेले म्हणजे वाट सोडलेले. ज्यांच्यासाठी हे पुस्तक आहे त्यांनी वाट मुळीच सोडलेली नाही. रामबाम सुरुवातीलाच सांगतो की हे एका विशिष्ट तऱ्हेच्या माणसासाठी आहे: जो धर्म मनापासून पाळतो, आणि तर्कशास्त्र, गणित, ॲरिस्टॉटलही शिकलाय. तोरात, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, वाचतो की देवाचा हात, देवाचे डोळे, देव खाली उतरला. तर्क सांगतो की हे शक्य नाही. बुद्धीच्या मागे गेलं तर धर्म सुटला असं वाटतं, धर्म धरला तर बुद्धीला पाठ दाखवल्यासारखं होतं. मराठीत यासाठी नेमका वाक्प्रचार आहे, कात्रीत सापडलेला. कात्रीत सापडलेल्यांचा वाटाड्या. त्यांना ‘बुद्धी बाजूला ठेवा’ सांगायचं असतं तर एक ओळ पुरली असती. त्याने तीन भाग लिहिले.

मी स्वतः या कात्रीत पहिल्यांदा सापडले ती सात-आठ वर्षांची असताना. वडील रेल्वेत गुड्स क्लार्क होते. शुक्रवारी संध्याकाळी आई दिवे लावायची, मनुका भिजवून, कुस्करून त्याचं सरबत केलेलं असायचं (आमच्याकडे किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, वाइनऐवजी तेच), आणि वडील ‘यिगदाल’ म्हणायचे. हे गीत चौदाव्या शतकात इटलीत रचलं गेलं, पण आतला मजकूर रामबामचा: मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहावर त्याने तिशीत पुऱ्या केलेल्या भाष्यात जी तेरा तत्त्वं मांडली, तीच ओवीसारखी बांधली आहेत. त्यात एक ओळ येते, ‘एन लो देमुत हगुफ, वेएनो गुफ’. त्याला देहाचा आकार नाही, आणि तो देहही नाही. वडील ही ओळ म्हणायचे आणि त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर आगीच्या रथात बसलेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा असायचा. मी त्यालाच देव समजत होते. एका शुक्रवारी विचारलं, आकार नाही म्हणता, मग हा कोण? वडील हसून म्हणाले, अगं वेडे, तो एलियाहू हन्नाबी, नबी आहे, देव नव्हे. मग देव कुठाय? तर म्हणाले, आत्ता काय म्हटलं मी? नाही म्हटलं ना? आधी ते तर पाठ कर.

तेव्हा मला ती टाळाटाळ वाटली. पुस्तकाचा पहिला भाग वाचताना कळलं की वडिलांनी अभ्यासक्रमच सांगितला होता.

त्या भागात, साठाव्या प्रकरणात, रामबाम जहाजाचं उदाहरण देतो. आपल्या लेखात ते नाही, म्हणून जरा सावकाश सांगते. समजा एकाला एवढंच माहीत आहे की ‘जहाज’ नावाचं काही आहे. वस्तू आहे की कशाचा तरी गुणधर्म आहे, हेही त्याला ठाऊक नाही. दुसऱ्याला कळतं की तो नुसता गुणधर्म नाही. तिसऱ्याला, की ते खनिज नाही. पुढच्याला, की तो प्राणी नाही. त्याच्या पुढच्याला, की जमिनीतून उगवलेलं झाड नाही. मग कोणाला कळतं की ते निसर्गतःच एकसंध असलेलं काही नाही. कोणाला, की फळीसारखं किंवा दारासारखं सपाट नाही. की चेंडूसारखं गोल नाही. की शंकूसारखं निमुळतं नाही. की सगळ्या बाजू सारख्या असलेलं नाही. आणि शेवटच्याला, की ते आतून भरीव नाही. रामबाम म्हणतो, या शेवटच्या माणसाने एकदाही ‘असं आहे’ म्हटलेलं नाही, सगळं ‘नाही’च म्हटलंय, तरी तो जहाजाच्या इतका जवळ आलाय की जवळजवळ त्याला ते दिसतंय. पहिला आणि शेवटचा दोघेही जहाज न पाहिलेले. पण दोघांचं अज्ञान एका तोलाचं नाही.

हे वाचलं आणि मला आमचा वॉर्ड आठवला. पावसाळ्यात तापाचा रुग्ण यायचा. कशाचा ताप, कळेना. मलेरिया? रक्ताची काच पाहिली, नाही. टायफॉइड? नाही. लेप्टो? नाही. लघवीचा संसर्ग? नाही. चौथ्या दिवशी नातेवाईक काउंटरवर येऊन भांडायचे: सिस्टर, सगळे रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे तुम्हाला अजून काहीच कळलेलं नाही! मी म्हणायचे, काका, सोमवारी आम्हाला काहीच कळत नव्हतं. आज चार गोष्टी कळल्यात. घरी बसून ‘मलेरिया नसेल हो’ म्हणणं वेगळं आणि काच बघून ‘मलेरिया नाही’ लिहिणं वेगळं. दुसऱ्याच्या मागे सही असते. रामबाम स्वतः हकीम होता, दम्यावर, मूळव्याधीवर, विषांवर त्याने लिहिलंय, आणि देवाच्या बाबतीत तो नेमकी हीच अट घालतो: नुसतं तोंडाने ‘नाही’ म्हणून कोणी वर चढत नाही, एकेक ‘नाही’ पुराव्याने सिद्ध करावं लागतं, आणि एकेक सिद्ध करायला निरनिराळी शास्त्रं शिकावी लागतात. म्हणजे बुद्धी बाजूला ठेवायची कधी? एवढी कामं तर तिलाच लावलीयेत. फरक इतकाच की आमच्याकडे सहाव्या-सातव्या दिवशी एखादा रिपोर्ट पॉझिटिव्ह यायचा आणि औषध सुरू व्हायचं. त्याच्याकडे तो कधीच येत नाही, आणि येत नाही हे सिद्ध करण्यात त्याचं शहाणपण आहे.

लेखाच्या शेवटी लेखकांनी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट घातली आहे: प्रत्येक धर्माच्या हाती एकेक अवयव, हत्ती एकच. गोष्ट गोड आहे, शाळेत असताना मीही पाठ म्हटलीये. पण गंमत बघा, रामबामच्या त्याच प्रकरणात एक हत्ती आहे. कोणीतरी ऐकलंय की हत्ती नावाचा प्राणी असतो, आणि विचारतो की तो कसा. सांगणारा ठोकून देतो: त्याला एक पाय आणि तीन पंख असतात, खोल समुद्रात राहतो, अंग पारदर्शक, तोंड माणसासारखं रुंद, बोलतो, कधी उडतो, कधी माशासारखा पोहतो. रामबाम म्हणतो, या माणसाला हत्ती कमी कळला असं म्हणू नका. त्याने जे वर्णन केलं ते कुठेच अस्तित्वात नाही. नसलेल्या गोष्टीला त्याने हत्ती हे नाव दिलंय. आपल्या गोष्टीतल्या आंधळ्यांच्या हाताखाली निदान खरा हत्ती तरी होता. इथे कोणाचाच हात कशालाही लागलेला नाही. ‘सगळे शेवटी एकच सांगतात’ या निष्कर्षासाठी लेखकांनी नेमका असा माणूस साक्षीला बोलावलाय, जो म्हणतो की देवाला एक गुण चिकटवलात तरी तुम्ही दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलताय.

‘नेति नेति’चंही तसंच. लेखात म्हटलंय, हे तर आपलंच. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, आणि आनंदही झाला होता. पण याज्ञवल्क्य नाही-नाही म्हणत ज्याच्यापाशी येतो तो आत्मा आहे, सगळ्यांच्या आतला. रामबाम नाही-नाही म्हणत निघतो तेव्हा अंतर वाढत जातं. तो म्हणतो, मोहरीचा दाणा आणि ताऱ्यांचं अख्खं आकाश यांचीसुद्धा तुलना होते, कारण दोघांनाही लांबी-रुंदी-उंची आहे. देवाशी मात्र कशाचीच तुलना होत नाही. एवढंच काय, ‘आहे’ हा शब्दसुद्धा. मी आहे, हे टेबल आहे, देव आहे: यातला तिसरा ‘आहे’ पहिल्या दोघांशी फक्त उच्चारापुरता सारखा. आपलं असणं आपल्याला कुठून तरी मिळालंय, नसतं मिळालं तरी चाललं असतं. तो आहे, पण असणं ही त्याला वरून जोडलेली गोष्ट नव्हे. हे वाक्य मी पेन्सिलीने तीनदा अधोरेखित केलंय आणि अजूनही रोज कळतंच असं नाही. पण म्हणून ते उपनिषदात नेऊन ठेवू नये. दोन्हींचा मान राहतो तो दोन्ही वेगळी ठेवल्याने.

तालमूदमधली (ज्यू पंडितांच्या जुन्या चर्चांचा तो ग्रंथ) एक गोष्ट रामबामला फार आवडायची, तीही सांगून टाकते. एक जण प्रार्थना सांगायला उभा राहिला आणि सुरू झाला: थोर, शूर, भीषण, प्रतापी, बलवान, प्रबळ… रब्बी हनिना शांतपणे थांबले. त्याचं संपल्यावर म्हणाले, झाली का तुझ्या धन्याची सगळी स्तुती? एखाद्या राजाकडे लक्षावधी सोन्याची नाणी असावीत आणि लोकांनी त्याची चांदीवरून वाहवा करावी, हा त्याचा अपमान नव्हे काय? रामबाम वर आणखी बारीक बघायला सांगतो: ते ‘कमी सोन्यावरून’ म्हणालेले नाहीत, चांदीवरून म्हणालेत. म्हणजे आपण जी विशेषणं लावतो त्यांची जातच वेगळी. आमच्या नाक्यावर वाढदिवसांचे फ्लेक्स लागतात, कार्यसम्राट, विकासपुरुष वगैरे. तिथून जाताना मला दर वेळी रब्बी हनिना आठवतात.

मग प्रार्थनेत ‘दयाळू’ म्हणायचं की नाही? म्हणायचं, कारण तोरात तो शब्द आहे. पण अर्थ बघून. पहिल्या भागाच्या चोपन्नाव्या प्रकरणात रामबाम म्हणतो, पोटात गर्भ कसा घडतो ते पाहा: एकेक अवयव, एकेक शक्ती, जन्मल्यावर जपणाऱ्या आईबापांच्या ठिकाणची माया. असं काम आपण केलं असतं तर दयेपोटी केलं असतं, म्हणून आपण करणाऱ्याला दयाळू म्हणतो. त्याला दया ‘येते’ असं नाही. येणं-जाणं, भरून येणं, हे आपलं. आणि पुढे म्हणतो की राज्य चालवणाऱ्यानेही असंच वागावं, काम दयेचं करावं पण भावनेच्या लाटेत वाहून न जाता.

इथे मला कोणी काही शिकवायची गरज नव्हती. माझी काही वर्षं नवजात बाळांच्या कक्षात गेली. बाराशे ग्रॅमचं बाळ पेटीत ठेवलेलं, कातडी एवढी पातळ की खालून शीर दिसते, आणि त्या शिरेत सुई घालायची. पहिल्या महिन्यात माझे हात थरथरायचे, डोळ्यांत पाणी यायचं, शीर सुटायची, बाळाला पुन्हा टोचावं लागायचं. सीनियर सिस्टर म्हणाल्या, बाई, रडायचं तर बाहेर जाऊन रड, त्याला तुझ्या रडण्याचा काय उपयोग? पुढे थरथर गेली. नातेवाईक म्हणायचे, ही सिस्टर दगड आहे. पण सुई एकदाच टोचली जायची. रामबामचं ते प्रकरण वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाने आजारी लेकराचा हात धरलाय, नुसतं ॲरिस्टॉटल वाचलेलं नाही.

सगळ्या ज्यू विचारवंतांना हे पटलं असं समजू नये. लेखात यहुदा हलेवीला एक ओळ दिली आहे, त्यातही तो ‘कवी’ म्हणून. तोही वैद्यच होता, रामबामच्या आधीच्या पिढीतला, स्पेनचाच. त्याच्या ‘कुझारी’ या पुस्तकात खजर नावाच्या लोकांचा राजा एका ज्यू पंडिताला प्रश्न विचारत जातो, आणि पंडित उत्तरादाखल चक्क हिंदुस्थानच्या राजाचा दृष्टान्त देतो. तुला कोणी सांगितलं की हिंदुस्थानच्या लोकांचं वागणं न्यायाचं आहे, म्हणून तिथला राजा चांगला असणार, तर तू त्याला मानशील का? राजा म्हणतो, कशावरून? लोक आपापलेच चांगले असतील, राजा असेल-नसेल. पण त्याचे दूत तुझ्या दारी आले, फक्त त्याच्याच राजवाड्यात मिळणाऱ्या वस्तू घेऊन, त्याच्या सहीचं पत्र घेऊन, आणि सोबत तुझ्या दुखण्यावरची औषधं घेऊन, तर? मग मानीन, राजा म्हणतो. हलेवीचं म्हणणं असं की देव तर्काने सिद्ध करायचा नसतो, तो दारात आलेल्या औषधासारखा अनुभवाला आलेला असतो, आणि तो अनुभव बापाने मुलाला सांगायचा असतो. माझे वडील, त्यांनी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण ते हलेवीच्या बाजूचे असते असं मला वाटतं. मी रामबामची. शुक्रवारी एका टेबलावर दोन्ही बसायचे.

आता जे मला खरं म्हणजे आधी लिहायचं होतं, ते. लेखात रामबामचं चरित्र चौकटीत उरकलंय: कोर्दोबात ११३८ साली जन्म, अल्मोहाद या कट्टर मुस्लिम राजवटीच्या जाचामुळे कुटुंब परागंदा, फेझ, अक्को, शेवटी इजिप्तमध्ये फुस्तात, मृत्यू १२०४. बरोबर आहे. पण भाऊ राहिला. धाकटा दाविद, रत्नांचा व्यापारी. तो बाजारात कमवायचा म्हणून थोरला घरी निश्चिंत बसून ग्रंथ लिहू शकला. हा दाविद हिंदुस्थानच्या वाटेवर निघाला. तांबड्या समुद्रावरच्या आयधाब बंदरातून त्याने भावाला लिहिलेलं पत्र आजही केंब्रिजमध्ये आहे, फुस्तातच्या सिनेगॉगच्या गेनिझात, म्हणजे जुन्या कागदांच्या कोठडीत, टिकलेलं. काफिला सोडून एकाच सोबत्याबरोबर वाळवंट ओलांडलं, मागून आलेला काफिला लुटला गेला, आयधाबला पोचलो तर निळीखेरीज घेण्यासारखा माल नाही, म्हणून समुद्रमार्गे हिंदुस्थानात जातो. काळजी करू नका, वाळवंटात ज्याने तारलं तो समुद्रातही तारेल. धाकटीला धीर द्या, तिला घाबरवू नका. धाकटी म्हणजे त्याची बायको. त्याचं हे पत्र बहुधा शेवटचं. दाविद हिंदी महासागरात बुडाला, स्वतःचे, भावाचे आणि लोकांचे पैसे घेऊन.

रामबाम बातमी आल्या दिवसापासून साधारण वर्षभर अंथरुणाला खिळला. पुढे आठ वर्षांनी अक्कोच्या एका न्यायाधीशाला पत्रात लिहितो की अजून दुःख कमी झालेलं नाही. तो माझ्या मांडीवर वाढला, माझा भाऊ होता, माझा विद्यार्थी होता. त्याचं हस्ताक्षर किंवा एखादं पुस्तक हाती आलं की काळीज उलटतं. दाविदची विधवा आणि लहान मुलगी त्याच्याकडेच राहिली, आणि ग्रंथ लिहिणारा माणूस पोटासाठी वैद्यकी करू लागला.

त्यानंतर ‘मोरे नेवुखीम’ लिहिला गेला. तिसऱ्या भागात, बाराव्या प्रकरणात, जगात दुःख का आहे हे सांगताना तो म्हणतो की बहुतेक दुःखं माणूस स्वतःवर ओढवून घेतो. जे जितकं गरजेचं ते तितकं सर्वत्र आणि स्वस्त: हवा पाण्याहून, पाणी अन्नाहून. कस्तुरी, माणिक, पाचू यांवाचून कोणाचं अडत नाही. आणि माणसं अशा अनावश्यक गोष्टींसाठी जीव धोक्यात घालतात, समुद्रप्रवास करून किंवा राजांची चाकरी करून.

मी हे वाक्य वाचून पुस्तक मिटलं. समुद्रप्रवास, रत्नं. आणि राजांची चाकरी ही तर त्याची स्वतःची, तो सुलतानाकडे वैद्य होता. तो भावाचं नाव घेत नाही, पुढच्या मुद्द्याकडे जातो. पहिल्या भागातलं जहाजही मग मला वेगळं दिसू लागलं. दहा-अकरा माणसं ‘हे नाही, ते नाही’ म्हणत जहाजाच्या जवळ जातायत आणि कोणालाच ते दिसत नाही. जगात इतक्या वस्तू असताना याने उदाहरणाला जहाजच घेतलं. योगायोग असेल. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना हा माझा बायकी हळवेपणा वाटला तर वाटो.

आमची स्वतःची गोष्टही फुटलेल्या जहाजापासूनच सुरू होते. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असं घरोघरी सांगतात. मग पुष्कळ काळाने दाविद रहाबी आला; कोणी त्याला बाराव्या शतकात बसवतं, कोणी अठराव्या. त्याने आमच्या बायकांना मिश्र मासळी रांधायला दिली आणि त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे वेगळे काढले, त्यावरून त्याला पटलं की हे ज्यूच. (संपादक, मासा हवाच असेल तर हा छापा.) माझ्या आत्याची खात्री होती की हा दाविद म्हणजे रामबामचा भाऊच, बुडाला नाही, वाहत अलिबागला लागला. मी कधी खोडून काढलं नाही. पण तसं नाही. रामबामने आयुष्याच्या शेवटी दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेलच्या पंडितांना पत्र लिहिलं त्यात हिंदुस्थानातल्या ज्यूंबद्दल एक ओळ आहे: त्यांना लेखी तोरा माहीत नाही, धर्मातलं एवढंच उरलंय की शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. ती आमच्याबद्दल असेल तर हिशोब चोख आहे. भाऊ पोचला असता तर आणखी दोन ओळी आल्या असत्या.

त्याच सुमाराचं, ११९९चं, त्याचं एक पत्र मी फोटोकॉपी करून आमच्या ड्यूटी रूमच्या मुलींना दिलं होतं. ‘मोरे नेवुखीम’चं अरबीतून हिब्रू करणारा शमुएल इब्न तिबोन त्याला भेटायला येऊ बघत होता. रामबाम लिहितो, येऊ नकोस बाबा, तुझ्याशी घटकाभर बोलायलाही वेळ नाही. मी राहतो फुस्तातला, सुलतान कैरोला, मध्ये दोन शब्बाथ-मर्यादांचं अंतर (शब्बाथला जितकं चालायची मुभा, त्याच्या दुप्पट). रोज सकाळी जायचं. परत येतो तेव्हा दुपार उलटलेली असते, भुकेने जीव चाललेला, आणि ओसरी माणसांनी भरलेली: ज्यू, बिगरज्यू, मोठे, छोटे, मित्र, शत्रू. जनावरावरून उतरतो, हात धुतो, आणि त्यांना विनवतो की मला दोन घास खाऊ द्या, चोवीस तासांतलं तेच जेवण. मग रात्रीपर्यंत तपासणं, औषधं लिहून देणं. शेवटी थकून आडवा पडल्या पडल्या सांगतो, शब्द फुटत नाही. त्यातली एक स्टाफ नर्स म्हणाली, सिस्टर, ही तर आपली सोमवारची ओपीडी. भाषांतर मात्र पुरं झालं, ३० नोव्हेंबर १२०४ला. रामबाम त्यानंतर तेरा दिवसांनी गेला.

तेव्हा विनंती इतकीच: पुढच्या रविवारी चौकटीतला मासा मागे घ्यावा, आणि ‘बुद्धी बाजूला ठेवून’ हे चार-पाच शब्द चुकीने पडले असं एका ओळीत छापावं. पत्र लांबलंय याची जाणीव आहे. कात्री लावणारच, तर माझ्या वडिलांचं आणि आत्याचं कापा, जहाज आणि हत्ती राहू द्या. आणखीही लिहिलं असतं, पण आज शुक्रवार आहे, साडेसहाला दिवे लावायचे आहेत, आणि त्यानंतर उद्या रात्रीपर्यंत मला पेन धरता येत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, ठाणे
(नाव प्रसिद्ध करू नये)